पायाला हात

आपल्या घरांत पायांबद्दल जेवढे नियम आहेत तेवढे शरीराच्या दुसऱ्या कुठल्याही भागाबद्दल नसतील. पुस्तकाला पाय लागू द्यायचा नाही, केरसुणीला नाही, अन्नाच्या ताटाला तर नाहीच. दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही. बाहेरून आलं की आधी पाय धुवायचे. चुकून कुणाला पाय लागला तर पटकन हात लावून तो छातीकडे न्यायचा. आणि ज्याला मान द्यायचा त्याच्या पायांवरच डोकं ठेवायचं. पायाला कोण हात लावतो यावरून नात्यातलं वर-खाली ठरतं. धाकटा थोरल्याच्या, शिष्य गुरूच्या, सून सासूच्या, बायको नवऱ्याच्या पायाला हात लावते. तो हात उलट दिशेने गेला की सगळ्यांनाच अवघडतं.

माझ्या उजव्या पावलाची शस्त्रक्रिया झाली आणि आमच्या घरात हा हात कित्येक आठवडे उलट दिशेने गेला. मला उठवणं, बसवणं, पाय उशांवर ठेवणं, टाके निघाल्यावर तो धुणं, तेल लावणं, आंगठा वर-खाली करून घेणं हे सगळं माझ्या नवऱ्याने केलं. ते निवृत्त टर्नर. उभं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर गेलं. घरी येताना हातांना कूलंटचा वास, नखांत लोखंडाची काळी कड. त्याच हातांनी मी बरी झाले, आणि त्या आठवड्यांत मला जे दिसलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

दुखणं साधं, बायकांमध्ये सर्रास आढळणारं. पायाचा आंगठा वर्षानुवर्षं शेजारच्या बोटाकडे कलत जातो आणि त्याच्या बुडाशी हाड बाहेर आल्यासारखं दिसू लागतं. पुष्कळदा ते घराण्यातून येतं, अरुंद चपला-बुटांनी वाढतं. माझ्या आईलाही होतं. आई निपाणीकडची. तिथल्या तंबाखूच्या वखारीत तिची उमेदीची वर्षं गेली. तिचा आंगठा माझ्यापेक्षा वाकडा होता, चालताना ती पाऊल जरा बाहेर टाकायची, पण कुणी तिचं पाऊल हातात घेऊन पाहिलेलं मला आठवत नाही. मी मराठी शाळेत शिकवते. फळ्यासमोर उभं राहून वर्षं गेली तसा माझाही आंगठा कलत गेला. शेवटी उभ्याने एक तासही घेता येईना, तेव्हा डॉक्टरांकडे गेले.

एका पावलात २६ हाडं असतात आणि ३३ सांधे. दोन्ही पावलांची मिळून ५२ हाडं, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा जमिनीलगत. डॉक्टरांनी एक्स-रेवर दाखवलं की बाहेर दिसणाऱ्या हाडाचा दोष खरं तर मागे, पावलाच्या मध्यावरच्या सांध्यात आहे. तो सांधा सैल, म्हणून पुढचं हाड एकीकडे सरकतं आणि आंगठा दुसरीकडे. तो मागचा सांधा सरळ करून कायमचा जोडून टाकायचा, ही पद्धत पॉल लॅपिडस या न्यूयॉर्कच्या सर्जनने १९३४ मध्ये मांडली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखतात, फक्त सांधा आता स्क्रूने जोडतात. जोडलेलं हाड पक्कं होईपर्यंत सहा आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नाही. एप्रिलच्या सुट्टीच्या सुरुवातीला शस्त्रक्रिया करायची असं ठरलं, म्हणजे शाळा सुरू होईपर्यंत मी निदान बूट घालून उभी तरी राहीन.

ह्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. स्क्रूची पिच किती? डॉक्टरांना तो प्रश्न आवडला असावा, कारण त्यांनी ड्रॉवरमधून तसलाच एक स्क्रू काढून ह्यांच्या तळहातावर ठेवला. त्याला डोकं नव्हतं. दोन्ही टोकांना आटे आणि मधला भाग गुळगुळीत. पुढच्या टोकाच्या आट्यांमधलं अंतर जास्त, मागच्या टोकाचं कमी. त्यामुळे एका फेऱ्यात पुढचं टोक जेवढं आत जातं तेवढं मागचं जात नाही, आणि पुढच्या टोकात अडकलेलं हाड मागच्या हाडाकडे ओढलं जातं. फिरवत गेलं की दोन हाडं आपोआप एकमेकांवर दाबली जातात. ऑस्ट्रेलियातल्या टिमथी हर्बर्ट या सर्जनने मनगटातल्या एका लहान हाडासाठी असा स्क्रू तयार केला आणि १९८४ मध्ये तो वैद्यकीय जगापुढे आला. आता तो पायातही वापरतात. दवाखान्यातून घरी येईपर्यंत हे त्या स्क्रूबद्दलच बोलत होते. मला भूल, टाके, दुखणं यांची भीती होती. पण ज्या गोष्टीला मी घाबरत होते ती त्यांना पूर्ण समजली आहे, हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली.

आमचं घर मजगावच्या बाजूला, उद्यमबागेच्या अगदी कडेला. तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याला लागलं की एका हाताला कारखान्यांच्या शेड सुरू होतात. फाउंड्री, मशिन शॉप, हायड्रॉलिकचे कारखाने, आणि त्यांना लागणारं काहीबाही करून देणारी दोन-तीन लेथची असंख्य लहान वर्कशॉपं. येळ्ळूर, देसूर, मच्छे, पिरनवाडीहून माणसं सायकलींवर आणि मोटरसायकलींवर कामाला येतात. याच परिसरात गोगटे इन्स्टिट्यूट हे इंजिनिअरिंग कॉलेज १९७९ पासून आहे, त्यामुळे सकाळी कामगार आणि विद्यार्थी एकाच रस्त्याने जाताना दिसतात. इतकी वर्षं मी या सगळ्याच्या मधून शाळेला गेले, पण पाय वर करून पडल्यावर पहिल्यांदा ते ऐकलं. सकाळी ग्राइंडरची किरकिर सुरू होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळं एकदम थांबतं आणि मग चिमण्या ऐकू येतात. रात्री कुठल्यातरी भट्टीचा पंखा घुमत राहतो. हे झोपेतसुद्धा ओळखत. “आज दुसऱ्या शिफ्टला ओतायलेत,” म्हणत आणि कूस बदलत.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न न्हाणीघराचा होता. कुणी आजारी माणसाबद्दल विचारलं की आपण औषधं, जेवण, झोप विचारतो. पण एका पायावरच्या माणसाचा सगळा दिवस न्हाणीघराभोवती फिरतो. दोन पायऱ्या, ओली फरशी, खाली बसायचा संडास आणि धरायला काही नाही. ह्यांनी शस्त्रक्रियेआधीच माझी मापं घेतली होती. बसल्यावर गुडघ्यापर्यंतची उंची, हात टेकल्यावर कोपराची उंची, वॉकरसकट दारातून जायला लागणारी रुंदी. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन चौकोनी पाइपची खुर्ची वेल्ड करून आणली. बसायच्या फळीला मधे गोल कापलेला, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे, चारही पायांना जाड रबर. आणल्यावर न्हाणीघरात ठेवून स्पिरिट लेव्हल लावून बघितलं, कारण फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो. मागचे दोन पाय तेवढ्या हिशोबाने जरा लांब केले. मग स्वतः तीनदा बसून उठले. “आता बस,” म्हणाले. “हलणार नाही.” ती हलली नाही. बाजारात तयार खुर्च्या मिळतात, चांगल्याही असतात. पण माझ्या गुडघ्याच्या मापाची आणि आमच्या न्हाणीघराच्या उताराची एवढी एकच होती.

औषधांसाठी त्यांनी कारखान्यातल्या जॉब कार्डासारखा तक्ता केला. उभ्या रकान्यात वेळ, आडव्या रकान्यात गोळ्या, पाय वर ठेवला का, बोटांचा रंग, दुखणं किती, आणि शेवटी पाणी किती प्यायले. हा पाण्याचा रकाना त्यांनी नंतर घातला. त्याला कारण होतं. मी पाणी कमी पीत होते. तहान लागली तरी थांबत होते, कारण पाणी प्यायलं की उठावं लागेल, उठावं लागलं की त्यांना हाक मारावी लागेल, आणि ते नुकतेच जरा टेकलेत. अंथरुणावरच्या कितीतरी बायका हेच करत असतील. दुखणं सोसणं आम्हाला जमतं, मागणं जमत नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही. एके दिवशी तक्त्यात नवीन रकाना दिसला आणि तांब्याऐवजी माप असलेली बाटली उशाशी आली. त्यानंतर ती रिकामी करण्याखेरीज मला गत्यंतर उरलं नाही.

टाके निघेपर्यंत पायावर पट्ट्या होत्या. नुसती बोटं दिसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आंगठ्याचं नख दाबून पाहायचं. पांढरं होईल आणि सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. बोटं थंड लागली, निळसर दिसली किंवा बधिर झाली तर लगेच कळवायचं. सुजेसाठी पाऊल छातीपेक्षा उंच ठेवायचं. हे दर थोड्या वेळाने यायचे, नख दाबायचे आणि तोंडातल्या तोंडात दोन मोजायचे. तिथपर्यंत ठीक होतं. ते बघणं होतं, तपासणं होतं.

टाके निघाल्यावर पट्ट्या गेल्या. आत पाऊल सुकलेलं, सालपटं सुटलेली, घामाचा वास येणारं, आणि वरच्या बाजूला एक लांब जांभळट रेघ. कोमट पाण्याने धुवायचं, हलक्या हाताने कोरडं करायचं, व्रण पूर्ण मिटल्यावर तेल लावून चोळायचं, आंगठा धरून थोडा वर, थोडा खाली. हे घमेलं घेऊन खाली बसले आणि त्यांनी माझी टाच तळहातावर घेतली. मी पाय मागे ओढला. दुखलं म्हणून नव्हे. “दुखायलंय काय?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी परत हात पुढे केला, मी परत ओढला. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना आत्ती म्हणते. त्या म्हणाल्या, “तू कशाला रे? बाजूला सर, मी करते. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावू नये.”

त्यांना वाकता येत नाही. गुडघे गेलेत. तरी त्या खाली बसायला निघाल्या, आणि त्यात माझ्याबद्दल दुष्टावा अजिबात नव्हता. आत्ती वडगावच्या विणकर घरातल्या. लहानपणी वडिलांच्या मागाशेजारी बसून कांड्या भरायच्या. त्यांच्या देवघरात शेषशायी विष्णूचं चित्र आहे, आणि त्यात लक्ष्मी पायाशी बसलेली आहे. हेच चित्र आपण सगळे कॅलेंडरवर बघत मोठे झालो. त्या चित्रात कुणाचे पाय कुणाच्या हातात आहेत हे आपण वेगळं शिकत नाही, ते डोळ्यांत बसतं. मी पाय का ओढला, तर माझ्याही डोळ्यांत तेच चित्र बसलेलं होतं म्हणून. देवी-देवतांचंही जिथे अवघडलं तिथे आम्ही कोण? बाराव्या शतकातल्या जयदेवाबद्दल अशी दंतकथा आहे की गीतगोविंद लिहिताना कृष्ण राधेची पावलं आपल्या डोक्यावर मागतो असं लिहायला त्याचा हात धजेना. तो ओळ अर्धी सोडून अंघोळीला गेला आणि परत येऊन बघतो तर ओळ पुरी झालेली. जयदेवाच्या रूपात येऊन कृष्णच ती लिहून गेला होता. ही कथा सांगणाऱ्यांना माहीत होतं की ही गोष्ट माणसाच्या हातून सहज लिहिली जाणारी नाही.

आमच्या भिंतीपलीकडे एक कन्नड कुटुंब राहतं. तिथल्या अक्का त्या दिवसांत रोज काहीतरी घेऊन यायच्या, बहुतेक वेळा जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाचटणी. आत्तींचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या की आमच्याकडे लग्नात नवरदेवच नवरीचं पाऊल हातात धरून तिच्या बोटात कालुंगुर, म्हणजे जोडवं, घालतो, सगळ्या मांडवासमोर. मग काय झालं? आत्ती काही बोलल्या नाहीत. मला मात्र माझी जोडवी आठवली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ती काढायची होती, कारण पाऊल सुजलं तर चांदीचं वेढं बोटात रुततं. लग्नात घातलेली जोडवी, एक काही केल्या निघेना. तेव्हाही ह्यांनीच बारीक कानस घेऊन, बोट आणि चांदीमध्ये पातळ पत्रा सरकवून ते घासून कापलं होतं. कातडीला ओरखडा आला नाही. त्या वेळी मी पाय ओढला नव्हता, कारण ते काम होतं आणि हातात हत्यार होतं. मोकळ्या हाताचीच मला अडचण होती.

दुसऱ्या दिवशी मी पाय ओढला नाही. त्यासाठी वेगळं धैर्य लागलं असं नाही. त्यांनी टाच हातात घेतली ती अशी की त्यात संकोचाला जागाच नव्हती. एक हात टाचेखाली, दुसरा पोटरीखाली, वजन पूर्ण त्यांच्या हातात. लेथच्या चकमध्ये जॉब बसवताना तो आधी हातात तोलून बघतात, तसं. आंगठा हलवताना जिथे अडेल तिथे थांबायचं, जोर करायचा नाही, दोन श्वास तसंच धरून ठेवायचं आणि मग केसभर पुढे. जोर केला तर काय मोडतं हे त्यांना आयुष्यभराच्या कामातून माहीत होतं. फिजिओथेरपीची मुलगी आठवड्यातून येऊन जायची. ती कन्नडमध्ये आकडे मोजायची, ती गेली की हे मराठीत मोजायचे. तिने एकदा त्यांचा हात बघून विचारलं की तुम्ही आधी कुठे हे काम केलंय का.

वारकऱ्यांच्या या मुलखात खरं तर हे नवल वाटू नये. पंढरपूरची सगळी कथाच घरातल्या सेवेवर उभी आहे. आधी आईबापांना छळणारा पुंडलिक नंतर पालटतो, त्यांचे पाय चेपत बसलेला असतो आणि दारात देव येतो. तो उठत नाही. वीट भिरकावतो आणि थांबायला सांगतो. देव थांबतो. विठोबाचं पदस्पर्शदर्शन घ्यायला आपण तासन्तास रांगेत उभे राहतो, पण तो तिथे उभा आहे तो कुणाच्यातरी पायाला हात लागलेला होता म्हणून. बेळगाव भागातूनही दिंड्या जातात, आत्ती तरुणपणी चालत गेलेल्या आहेत. ही गोष्ट मी एका संध्याकाळी त्यांच्याजवळ काढली. त्या म्हणाल्या, “ते आईबापांचे पाय.” बरोबर होतं त्यांचं. मी वाद घातला नाही.

पण नंतर जे झालं ते त्यांच्याच पायावरून. आत्तींना बरीच वर्षं साखरेचा आजार आहे. माझा पाय धुऊन झाल्यावर ह्यांनी एक दिवस घमेल्यातलं पाणी बदललं आणि म्हणाले, “आई, तुझाबी पाय दे.” त्या नको नको म्हणत राहिल्या. पण आईच्या पायाला मुलाने हात लावण्यात काहीच गैर नाही, हे त्यांच्याच नियमात बसत होतं. डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात जखम होती. ओली, पांढुरकी कड असलेली. आत्तींना पत्ताच नव्हता. दुखलंच नव्हतं.

साखरेच्या आजारात पावलांची संवेदना जाते हे मी ऐकलं होतं, ते डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले सर्जन पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला काम करू लागले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी निरीक्षणाने दाखवलं की बोटं रोगाने आपोआप गळत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून खिळा रुतला, चटका बसला, चप्पल लागली तरी माणूस तसाच चालत राहतो आणि जखम वाढत जाते. तीच समज पुढे मधुमेही पावलांच्या उपचारात कामी आली. अशा पायाचे तळवे आणि बेचके रोज कुणीतरी बघायला हवेत. वय झालेल्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही. म्हणजे दुसऱ्याने पाऊल हातात घेतलंच पाहिजे. माझा पाय ठणकत होता, म्हणून सगळं घर त्याच्याभोवती गोळा झालं होतं. आत्तींचा पाय गप्प होता, आणि धोका त्याला जास्त होता. वेळेवर दवाखाना गाठला, जखम भरली. तेव्हापासून जॉब कार्डावर एक रकाना आत्तींचा आहे.

ह्यांना हे सगळं जमलं त्यामागे त्यांची निवृत्ती होती, हे मला विसरून चालणार नाही. आमच्या गल्लीत फाउंड्रीत फेटलिंगचं, म्हणजे ओतीव जॉब घासून साफ करायचं, काम करणारा एक माणूस राहतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या पावलावर ओतीव लोखंडाचा जॉब पडला आणि हाडं चेचली. या भागात ही दुखापत नवी नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने सुरू झालेल्या योजनेत कामावर जायबंदी झालेल्या विमाधारक कामगाराला तो बरा होईपर्यंत मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. चांगली योजना आहे, कित्येक घरं तिने तरली. त्या माणसालाही पैसे मिळाले. पण त्याची बायको दोन घरी स्वयंपाक करायची, ती कामं तिला सोडावी लागली. त्याला उठवायला, न्हाऊ घालायला, डब्यावर बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तिच्या बुडालेल्या मजुरीसाठी कुठल्याच कायद्यात रकाना नाही. पायाची नोंद झाली, पाय धरणाऱ्या हाताची झाली नाही.

तो हात कुणाचा असतो हे देशाने मोजलेलंही आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं, पुरुषांचा ९७. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात बायकांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६, आणि तीही जे पुरुष ते काम करतात त्यांची. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्ये शुश्रूषेवर छोटं पुस्तक लिहिलं ते नर्सेससाठी नव्हतं. घरोघरच्या बायकांसाठी होतं, कारण प्रत्येकीवर कधी ना कधी कुणाच्या तरी तब्येतीची जबाबदारी येतेच, असं तिने धरलं होतं. दीडशेहून अधिक वर्षांनी आपणही तसंच धरतो. माझ्या भेटीला आलेल्या प्रत्येक बाईने ह्यांचं कौतुक केलं. “नशीब काढलंस,” म्हणाल्या. मी त्यांच्या नवऱ्यांची आजारपणं आठवत होते. तेव्हा त्यांना कुणी नशीब काढलं असं म्हणालं नव्हतं. ह्यांचं मोल मला कमी करायचं नाही. ते कौतुकाला पात्र आहेत. पण एका पुरुषाने केलेलं काम गल्लीभर बोललं जातं आणि तेच काम बायकांनी केलं की ते हवेसारखं असतं, यात काहीतरी दुरुस्त करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमचंही सगळं गोड चाललं होतं असं नाही. त्यांनी स्वयंपाकघर टूल रूमसारखं लावलं. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या, उंचीप्रमाणे ओळी, चमच्यांना खिळे. माझ्या हाताला सवय असलेली जागा एकाही वस्तूला उरली नाही. पलंगावरून मी मोहरी मागायची आणि ते ती चिठ्ठी वाचून शोधायचे. उन्हाळ्याचे दिवस, म्हणजे सांडगे, पापड, कुरडया, तिखट कुटून आणणं. दरवर्षी ही कामं माझी. त्या वर्षी आत्ती खुर्चीवरून सांगायच्या, अक्का आणि हे गच्चीवर करायचे, आणि मला खालून फक्त आवाज यायचे. माझ्याशिवाय पापड वाळले याचं मला वाईट वाटलं. असं वाईट वाटणं बरोबर नाही हेही कळत होतं. पण आयुष्यभर ज्या कामांमुळे आपण घराला लागतो असं वाटत आलं, ती कामं दुसऱ्याच्या हातून होताना बघणं पायाच्या दुखण्याहून कठीण गेलं. त्यावर औषध नव्हतं. हळूहळू मी त्यांच्या ओळी पाठ केल्या. काही मला पटल्या, त्या आजही तशाच आहेत. तिखटाचा डबा मात्र मी माझ्या जागेवर परत नेला.

सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाड जुळून येत असल्याची पुसट छटा दिसली. डॉक्टर म्हणाले, आता बूट घालून थोडं थोडं वजन टाका, पण सूज वर्षभरही राहू शकते. मला चालायची घाई होती. शाळा सुरू व्हायला आली होती, दुपारी वळीव पडून गेलेला, बाहेर मातीचा वास. ह्यांनी वजनकाटा आणून जमिनीवर ठेवला आणि उजवा पाय त्यावर ठेवायला सांगितला. पहिल्या दिवशी काटा दहा किलोवर आला की थांबायचं. रोज थोडं वाढवायचं. असा काटा वापरून वजन टाकायला शिकवतात हे त्यांना फिजिओथेरपीच्या मुलीने सांगितलं होतं, आणि एकदा आकडा हातात आला की ते आकड्याशी प्रामाणिक राहिले. मी हट्ट केला तरी ऐकलं नाही.

आता मी चालते. शाळेतही जाते. पुढचा भाग रुंद असलेली, मऊ तळाची चप्पल घालते. आंगठ्यात अडकणारी कोल्हापुरी अजून चालत नाही. याची मला खंत आहे, कारण निपाणी-अथणीकडच्या कारागिरांच्या हातची चप्पल मी लहानपणापासून घातली. त्या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी एकत्र भौगोलिक मानांकन जाहीर झालं. त्यात बेळगावही आहे. जोडवी मी परत घातलेली नाहीत. आत्तींनी एकदा विचारलं, नंतर विचारलं नाही.

ती न्हाणीघरातली खुर्ची घरात फार दिवस राहिली नाही. आधी अक्कांच्या भावाकडे गेली, मग मजगावात एका घरी, आणि परवा पिरनवाडीहून एक माणूस ती न्यायला आला. त्याच्या बायकोच्या टाचेचं हाड मोडलंय आणि शस्त्रक्रिया झाली आहे. पहिल्या शिफ्टवरून तो थेट आला होता, हात तसेच काळे. ह्यांनी त्याला बसवलं, तिची उंची विचारली आणि खुर्चीचे पाय किती कापायचे ते सांगितलं. मग माझं पाऊल वर घेऊन दाखवलं. एक हात टाचेखाली, एक पोटरीखाली. बोटांना धरून उचलायचं नाही. त्याने नीट बघितलं, स्वतःचे हात तसे धरून बघितले. मग जरा थांबून मला विचारलं, “वहिनी, ती पाय धरू देईल काय हो? आत्तापासूनच नको म्हणायलीय.”

मी म्हटलं, पहिल्या दिवशी ओढेल. दुसऱ्या दिवशी परत विचारा. आणि पाणी किती पिते तेवढं लिहून ठेवा.